बेळगावकडच्या खानापूरच्या शाळेत लागलेल्या नव्या टीचरला

अगं पोरी,

स्पेशल स्कूलला लागलीस म्हणे, बरं झालं. थेरपी, चार्ट वगैरे तुला सगळे सांगतील, मी दुसरंच सांगते, या पोरांना लैंगिक अत्याचारापासून कसं जपायचं ते. आपण या पोरांना दिवसभर काय शिकवतो बघ की, बस, ऐक, हात दे, काकांना पापी दे, आणि ऐकलं की शाब्बास. बोलता न येणाऱ्या पोराला कुणीही उचलतंय, कुणीही चड्डी बदलतंय, त्याला नको म्हणायची सोयच नाही. त्रास देणारा बहुतेक वेळा घरचा नायतर ओळखीचाच असतो, त्याला असलं ऐकणारं पोर सोपं जातं. म्हणून आधी 'नको' शिकव, बोलून, मान हलवून, कार्ड दाखवून, कसंही. आणि ते नको म्हणालं की तूही थांब, अगदी गणित चालू असलं तरी. चित्रांच्या कार्डात आंबा असतोय, बस असतीय, अंगावरच्या शू-शीच्या जागेचं कार्ड कुणी ठेवत नाही. तू ठेव, आईबाप लाजले तर लाजू देत. टॉयलेटला कोण नेणार ते पण ठरवून टाक.

पोर अचानक अंथरूण ओलं करायला लागलं, रिक्षात बसेना झालं, एका माणसाला बघून किंचाळायला लागलं, तर सगळे म्हणतील ते तसंच आहे. ऑटिझम कालपण होता की, मग आजच काय झालं?

काही सांगितलं तर खोदून विचारू नको, 'काकानं केलं काय' असं तर नकोच, ही पोरं होला हो करतात. त्याचेच शब्द वहीत लिही, तारीख घाल, मग १०९८ ही मुलांची हेल्पलाइन नायतर पोलीस. हेडमास्तरांना सांगून सुटत नाहीस, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे, लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या भागात आणखी एक भानगड, पोर बोलणार मराठी आणि स्टेशनात लिहिणार कन्नड. जबाब पोर बोललं तसाच घ्यायचा असतो, दुभाषा मागता येतो, त्याची खूण कळणारा स्पेशल एज्युकेटर पण बसवता येतो, म्हणजे तूच गं. जबाब घरीही घेता येतो, पोलिसानं युनिफॉर्म घालायचा नसतो. हे सगळं मागून घे, भिऊ नको. आणि कन्नड कच्चं असलं तर आत्तापासून शिकायला लाग.

गावातली मोठी माणसं येतील, मिटवून टाका, पोरीचं नाव निघेल म्हणतील. तिचं नाव, फोटो, शाळा पेपरात छापायला कायद्यानं बंदी आहे, हे आईला आधी सांग, ती तिथंच अडते.

तुझी बाई