आरएनए हेलिकेज: उलगडतं, उकलतं की उसवतं?

विचारणा अशी: 'सस्तन प्राण्यांच्या पेशीचक्राच्या प्रगतीत आरएनए हेलिकेजची भूमिका' या शीर्षकात काहीतरी खटकतं. हेलिकेज म्हणजे आरएनए किंवा डीएनएचे जुळलेले धागे सुटे करणारं प्रथिन. त्याला 'उलगडक' म्हटलं तर चालेल का?

'उलगडक' नको. घडी उलगडते, गुंडाळी उलगडते. तिथे एकच वस्तू मोकळी पसरते. हेलिकेजच्या कामात एकमेकांना धरून बसलेले दोन पेड सुटे होतात. (पेड हा दोरीचा आणि वेणीचा शब्द इथे चपखल बसतो, 'दुपेडी डीएनए' सहज कळतं.) मग 'पीळ उकलणं'? डीएनए हेलिकेजांना ते शोभतं. पेशीत डीएनएची प्रत निघताना एमसीएम हे सहा घटकांचं कडं एका पेडावरून सरकत जातं आणि पीळ उकलत जातो.

आरएनएचं प्रकरण वेगळं. तो बहुतेक वेळा एकपेडी असतो आणि स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखे आकार घेतो. त्या आकड्याच्या दोन बाजू समोरासमोरच्या घटकांच्या थोड्याशा जोड्यांनी (बेस पेअर) एकमेकींना टाचलेल्या असतात. आरएनए हेलिकेजांचं सर्वांत मोठं कुटुंब म्हणजे डेड-बॉक्स. ती पेडावरून धावत नाहीत. एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धरला की हेलिकेजचे दोन भाग मिटतात, आरएनएचा पेड पकडून त्याला बाक देतात, तिथल्या काही जोड्या तुटतात आणि उरलेल्या आपोआप सुटतात. एटीपी फोडण्याची खरी गरज लागते ती पकड सोडून पुढच्या फेरीला मोकळं होण्यासाठी. म्हणूनच दहाबारा जोड्यांचा तुकडा त्यांना जमतो, लांबलचक तुकड्यापुढे ती हतबल होतात.

या क्रियेला मराठीत नेमकं क्रियापद आहे: उसवणं. शिवण उसवताना मधले दोनतीन टाके गेले की पुढचे स्वतःहून ढिले पडतात. आक्षेप एकच, 'उसवणं' ऐकताना नुकसान झाल्यासारखं वाटतं. तो आक्षेप मला मान्य आहे, तरी चित्र याच शब्दाने बरोबर उभं राहतं. पण दुसरं कुटुंब, डीईएएच-बॉक्स, पेड ओढत नेतं. तिथे 'उसवणं' चुकेल. म्हणून नाम 'हेलिकेज'च ठेवावं आणि क्रियापद कुटुंब पाहून निवडावं.

'डेड'चं भाषांतर मात्र करू नये. तो मृत्यू नव्हे. या प्रथिनांत सलग येणाऱ्या चार अमिनो आम्लांची, म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ॲलनिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक आम्ल यांची, एकाक्षरी चिन्हं ओळीने वाचली की डी-ई-ए-डी होतं. हे नाव 1989 सालचं. 'मृतपेटी' लिहिलंत तर वाचक भलतीकडेच जाईल.

'प्रगती'चं खटकणं रास्त आहे. मराठीत प्रगती म्हणजे सुधारणा; मुलाची प्रगती, देशाची प्रगती. पेशी जी1 (डीएनएची प्रत काढण्याआधीचा टप्पा) मधून एस (प्रत काढण्याचा टप्पा) मध्ये जाते तेव्हा काही सुधारत नाही, ती पुढच्या टप्प्यात सरकते. 'वाटचाल' किंवा 'टप्पा ओलांडणं' म्हणा. कर्करोगाच्या पेशीही हे टप्पे ओलांडतात, किंबहुना नको तितक्या सहज, त्यामुळे 'प्रगती' तिथे तर विपरीतच दिसते.

'भूमिका'ही पोकळ आहे. काम काय ते सांगावं. उदाहरणार्थ डीडीएक्स3 हे डेड-बॉक्स हेलिकेज. जी1 ओलांडायला सायक्लिन ई1 हे प्रथिन मदत करतं. त्याच्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) सुरुवातीच्या भागातले दुमडलेले आकडे रायबोसोमची, म्हणजे तो संदेश वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राची, वाट अडवतात. डीडीएक्स3 ते उसवतं. डीडीएक्स3 कमी केलं की सायक्लिन ई1 कमी बनतं आणि पेशी जी1 मध्ये रेंगाळतात. इथे भाषेतली एक ढिलाई प्रयोगातही नडते. 'सायक्लिन ई1ची अभिव्यक्ती घटली' असं लिहिलं तर वाचक संदेशवाहक आरएनए घटला असं समजतो, आणि फक्त संदेशाचं प्रमाण मोजणाऱ्याला 'काहीच बदललं नाही' असं दिसतं. घट संदेशावरून प्रथिन बनण्याच्या पायरीवर (जीवशास्त्रात यालाच 'भाषांतर' म्हणतात) आहे, तेव्हा 'प्रथिन कमी बनलं' असंच लिहावं आणि मोजायचंही प्रथिनच.

'भूमिका' आणि 'प्रगती' दोन्ही गाळून शीर्षक असं होईल: 'सस्तन प्राण्यांच्या पेशी विभागणीचे टप्पे ओलांडताना आरएनए हेलिकेज काय करतात'. लांब आहे, पण त्यात नुसती भर म्हणून आलेला शब्द नाही.

जाता जाता: डीडीएक्स3एक्स या जनुकनामात दोन 'एक्स' येतात. पहिला 'बॉक्स'मधला, शेवटचा 'एक्स गुणसूत्रा'मधला. त्याचा जोडीदार डीडीएक्स3वाय हा वाय गुणसूत्रावर असतो, म्हणून शेवटचं अक्षर गाळून लिहिताना कोणता अभिप्रेत आहे ते एकदा तरी स्पष्ट करावं.