पगार तोच आहे, मग दिवाळीपासून टीडीएस का वाढला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमध्येच नोकरी, महिन्याचा एकूण पगार १,३०,०००, नवीन रिजीम (कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली करपद्धत). एप्रिल ते सप्टेंबर दरमहा ८,९०५ रुपये टीडीएस (पगारातूनच आधी कापला जाणारा आयकर) कापला गेला. ऑक्टोबरच्या पगाराबरोबर १,२०,००० रुपये दिवाळी बोनस आला आणि तेव्हापासून कपात १२,०६८ वर गेली. बोनस एकदाच मिळाला, मग जास्तीची कपात दर महिन्याला का? शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा पगार १,०५,०००, त्याला बोनस लागू नाही आणि त्याचा एक पैसाही कापत नाहीत, ते कसं? एचआरचं उत्तर: 'सिस्टम कापतं.'

कंपनी तुम्हाला फसवत नाहीये. तुमचे आकडे कागदावर मांडून बघितले, रुपयापर्यंत जुळतात. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. बोनस वाटला की पुढच्या आठवड्यात आमच्या टेबलाशी हाच प्रश्न घेऊन लोक उभे असतात. 'सिस्टम कापतं' हे मात्र काही उत्तर झालं नाही. सिस्टममध्ये आकडे माणूसच भरतो.

गोंधळ होतो तो आपण महिन्याच्या पगारावर कर लागतो असं धरून चालतो म्हणून. कर लागतो वर्षाच्या उत्पन्नावर. २०२५-२६ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या (पुढची कलमं आणि फॉर्मही त्याच कायद्यातले) कलम १९२ प्रमाणे मालकाने तुमच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटून कापत जायचा. मध्येच अंदाज बदलला तर उरलेल्या महिन्यांत कमी-जास्त करून घ्यायची मुभाही त्याच कलमात आहे. म्हणजे तुमच्या स्लिपवरचा टीडीएस हा त्या महिन्याच्या पगाराचा कर नसून वर्षाच्या कराचा, त्या दिवशीच्या अंदाजाप्रमाणे निघालेला हप्ता आहे.

आता तुमचा हिशोब, २०२५-२६ च्या दरांनी. १,३०,००० गुणिले १२, म्हणजे १५,६०,०००. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट, ७५,००० वजा, उरले १४,८५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, ४०,०००. वरच्या २,८५,००० वर १५ टक्के, ४२,७५०. बेरीज १,०२,७५०, त्यावर ४ टक्के सेस (उपकर), एकूण १,०६,८६०. भागिले १२ केलं की ८,९०५. हाच तुमचा एप्रिलचा आकडा.

ऑक्टोबरमध्ये बोनस धरून करपात्र उत्पन्न १६,०५,००० झालं. १६ लाखांच्या वर २० टक्क्यांचा टप्पा सुरू होतो, तुमचे त्यात फक्त ५,००० रुपये शिरले. वर्षाचा कर सेससकट १,२५,८४० झाला, म्हणजे बोनसमुळे १८,९८० ने वाढला. सप्टेंबरपर्यंत ५३,४३० कापून झाले होते. राहिले ७२,४१०, आणि महिने सहा. भागून बघा, १२,०६८ येतात.

काही कंपन्या हे १८,९८० बोनसच्याच महिन्यात एकदम कापतात आणि पुढे पुन्हा ८,९०५ वर येतात. तसं केलं की लोक म्हणतात बोनस खाल्ला. वाटून कापलं की म्हणतात दर महिन्याला लुटतात. वर्षाचा कर दोन्हीकडे तेवढाच. माझं मत विचाराल तर एकदम कापलेलं बरं. बोनस हातात असतानाच त्याचा कर जातो आणि जानेवारीत मुलांच्या फीच्या वेळी हात आखडत नाही. पण ते कंपनीच्या धोरणावर आहे, तुमच्या-माझ्या नाही.

मित्राची गंमत वेगळीच आहे. १,०५,००० म्हणजे वर्षाचे १२,६०,०००, स्टँडर्ड डिडक्शन काढून ११,८५,०००. नवीन रिजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची रिबेट (करातली सूट) मिळते आणि कर शून्य होतो. म्हणून त्याच्या स्लिपवर टीडीएसची ओळच नाही. त्याचा हेवा करण्याआधी एवढं बघा: त्यालाही १ लाख बोनस मिळाला असता तर तो १२,८५,००० वर गेला असता, रिबेट गेली असती, आणि वर्षाचा कर ७५,६६० झाला असता. तो सहा महिन्यांत वसूल करायचा तर दरमहा १२,६१० रुपये, तुमच्याहून जास्त. १२ लाख नुकतेच ओलांडणाऱ्यांना सीमांत सवलत असते, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढे गेले त्याहून जास्त कर लागत नाही: १२,१०,००० करपात्र असेल तर कर १०,००० आणि सेस, बस. पण ती साधारण १२,७०,००० च्या आसपास संपते. म्हणून सीमेवरच्या माणसाने एरियर्स किंवा बोनस येणार असेल तर एप्रिलमध्येच हिशोब मांडून ठेवावा.

तुम्ही नवीन रिजीममध्ये आहात, म्हणून जानेवारीतल्या प्रूफच्या (वजावटीच्या पावत्या देण्याच्या) धावपळीतून सुटलात. जुन्या रिजीमवाल्यांचं खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. एप्रिलमध्ये हौसेने ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख आणि घरभाडं लिहून दिलेलं असतं. पावत्या दिल्या नाहीत की ती वजावट हिशोबातून निघते आणि अख्ख्या वर्षाचा फरक शेवटच्या दोन-तीन पगारांत कापला जातो. घरभाड्याचं आणखी एक सांगतो. २०२५-२६ पर्यंत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना होती. आपल्या इंदूरला ४० टक्के. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. लोकमान्य नगरात वडिलांच्याच घरात राहून त्यांना भाडं दाखवणारे पुष्कळ आहेत. चालतं, पण पैसे खरोखर बँकेतून वडिलांकडे गेले पाहिजेत आणि त्यांनी ते उत्पन्नात दाखवले पाहिजेत. नुसत्या पावत्या फाडून देऊ नका.

पुण्याची नोकरी सोडून वर्षाच्या मध्ये इंदूरला परतलेल्यांची फसगत जास्त होते. आधीच्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला फॉर्म १२बी वर कळवला नाही, तर दोघीही ४ लाखांचा शून्य टप्पा आणि स्टँडर्ड डिडक्शन आपापल्या परीने देऊन मोकळ्या होतात. टीडीएस कमी कापला जातो, मंडळी खूश. मग रिटर्न भरताना भला मोठा आकडा समोर येतो, वर व्याज.

स्लिपवरची २०८ ची कपात टीडीएस नाही, तो मध्य प्रदेशचा वृत्तिकर (प्रोफेशनल टॅक्स). ४ लाखांवरच्या पगाराला वर्षाचे २,५००, म्हणून शेवटच्या महिन्यात २१२ कापतात. मार्चमध्ये त्या चार रुपयांवरून अकाउंट्सशी भांडू नका.

एचआरला आता 'का कापलं' असं विचारू नका, टॅक्स कॉम्प्युटेशन शीट मागा. त्यात मार्चपर्यंतचा धरलेला पगार, आतापर्यंतचा टीडीएस आणि उरलेले महिने, या तीन ओळी आधी बघा. पुढे मिळणारच नाही असा एखादा भत्ता किंवा इन्सेंटिव्ह धरलेला असेल तर लेखी कळवा, पुढच्या पगारात हप्ता कमी होईल. तरीही जास्त कापला गेला तर रिटर्नमधून परत मिळतो.

कापलेले पैसे सरकारकडे पोचले का, हे २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या करनोंदींच्या उताऱ्यात) बघा, पण महिन्याच्या महिन्याला शोधू नका. कंपनी पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरते, मात्र कोणाच्या नावाचे किती हे तिमाही विवरणपत्रात जातं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या विवरणपत्राची मुदत ३१ जानेवारी असते. फेब्रुवारी सरत आला तरी ती नोंद दिसली नाही, तर मात्र ईमेल करून लेखी विचारा आणि सगळ्या स्लिप जपून ठेवा. पगारातून एकदा कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कलम २०५ तसं सांगतं; पण कापला होता हे दाखवायला तुमच्या हातात स्लिपच असेल.