जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर ‘तयार’ दिसतो, जॉब ‘पूर्ण’ दिसतो, पण कागद हलत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचपी लेझरजेट १०२०, नव्याने टाकलेलं लिनक्स मिंट. प्रिंटर यादीत आपोआप आला, प्रिंट दिली की जॉब ‘पूर्ण’ दिसतो, पण प्रिंटर ढिम्म. विंडोजवर हाच प्रिंटर व्यवस्थित चालायचा. आणि शेवटी विचारलंय, एवढा जुना प्रिंटर लिनक्सवर चालवायचा नाद सोडून द्यावा का?

सोडू नका. प्रिंटर बिघडलेला नाही, केबलही ठीक असणार. त्याला फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम) मिळालेलं नाही, एवढंच.

या मॉडेलमध्ये (आणि त्याच्या भावंडांमध्ये, म्हणजे १०००, १००५, १०१८) फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. बटण बंद केलं की आतली मेमरी कोरी होते. पुन्हा सुरू केल्यावर दर वेळी संगणकाने त्याला फर्मवेअरची एक छोटी फाइल पाठवायची असते. तोवर तो यूएसबीवर आपलं नाव सांगतो, पण छापत काहीच नाही. विंडोजमध्ये हे काम ड्रायव्हर गुपचूप उरकायचा, त्यामुळे तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. लिनक्सच्या डिस्ट्रोंना (मिंटसारख्या तयार संचांना) ती फाइल परवान्यामुळे सोबत देता येत नाही. म्हणून होतं असं: नाव ओळखलं जातं, क्यू (त्या प्रिंटरसाठीची छपाईची रांग) तयार होते, डेटा जातो, प्रिंटर तो गिळतो आणि गप्प बसतो. संगणकाच्या लेखी काम झालेलं असतं.

आता उपाय. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

आधी सध्याच्या क्यूचा ड्रायव्हर कोणता आहे ते प्रिंटरच्या सेटिंगमध्ये बघा. बहुधा तिथे ‘फूटूझेडजेएस’ असं काहीतरी दिसेल. हा मुक्त ड्रायव्हर आहे आणि चांगला आहे, पण फर्मवेअरची फाइल त्याला वेगळी आणून द्यावी लागते. दुसरा रस्ता एचपीच्या स्वतःच्या ‘एचप्लिप’ या संचाचा. तुमच्यासाठी मी दुसरा सुचवेन, कारण फर्मवेअर आणणं आणि दर वेळी पाठवणं ही दोन्ही कामं तो स्वतः करतो. मात्र दोन्ही एकत्र ठेवू नका. प्रिंटर जोडला गेला की दोघेही फर्मवेअर पाठवायला धावतात आणि मग काय बिनसलंय ते शोधणं अवघड जातं. जुनी क्यू काढून टाका, फूटूझेडजेएसचं पॅकेज काढा, मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचप्लिप आणि त्याचं खिडकीवालं पॅकेज (नावाच्या शेवटी ‘जीयूआय’ असलेलं) टाका.

त्यानंतर टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ चालवा, म्हणजे फर्मवेअर असलेला एचपीचा बंद जोड-भाग (प्लगइन) उतरेल. पुढे सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावू नका, लागेल तेव्हा तो स्वतः पासवर्ड मागतो. परवाना मान्य करा, फाइल उतरू द्या. मग प्रिंटर बंद करून थोड्या वेळाने सुरू करा आणि ‘एचपी-सेटअप’ चालवून नवी क्यू बनवा. ड्रायव्हरच्या यादीत ज्या नोंदीपुढे ‘प्रोप्रायटरी प्लगइन आवश्यक’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आहे, तीच निवडा. क्यू झाल्यावर तिचा पत्ता तपासा: तो ‘एचपी’ने सुरू व्हायला हवा, नुसत्या ‘यूएसबी’ने नाही. नुसता यूएसबी दिसला तर पुन्हा तीच आपोआप बनलेली क्यू घुसली आहे असं समजा. एवढं करूनही गप्प असेल तर ‘एचपी-फर्मवेअर’ ही कमांड फाइल हाताने पाठवते. ती चालवल्यावर प्रिंटर घरघरला तर समजायचं की फाइल पोचली, फक्त आपोआप जात नाहीये.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे वैताग वाचेल. प्लगइनची आवृत्ती आणि एचप्लिपची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. उद्या तुम्ही मिंटची नवी आवृत्ती टाकली, एचप्लिप पुढे गेलं, की जुना प्लगइन निरुपयोगी होतो आणि प्रिंटर पुन्हा मुका. लोक तेव्हा सगळं काढून पहिल्यापासून सुरुवात करतात. गरज नसते. ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवलं की काम होतं.

आता तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ‘जुना’ हा निकष इथे फारसा कामाचा नाही, हे माझं ठाम मत आहे. लिनक्सवर सगळ्यात कमी त्रास देणारे प्रिंटर तुमच्या प्रिंटरपेक्षाही जुने असतात. नव्वदच्या दशकातला ऑफिसातला धिप्पाड लेझर, ज्याला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल येतं, तो आजही सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो. या दोन्ही भाषा १९८४ पासूनच्या आहेत, त्यांचे तपशील जगाला माहीत आहेत, आणि पान कसं रचायचं ते प्रिंटर स्वतः ठरवतो. त्याला नेटवर्कचा सॉकेट असेल तर फारच सोपं: आयपी पत्ता, पोर्ट ९१००, सर्वसाधारण पीसीएलचा ड्रायव्हर, संपलं.

त्रास देतात ते त्यानंतर आलेले स्वस्त घरगुती लेझर. किंमत खाली आणायला कंपन्यांनी प्रिंटरमधलं डोकंच काढून घेतलं. तुमच्या १०२० मध्ये २ एमबी मेमरी आहे. एवढ्यात ६०० डीपीआयचं अख्खं ए-फोर पान साध्या बिटमॅपच्या रूपात मावतही नाही. हा प्रिंटर म्हणजे वाचता न येणारा पण वळणदार हाताचा लेखनिक: समोर ठेवलेलं जसंच्या तसं उतरवतो, त्यातलं त्याला काही कळत नाही. पानाचा प्रत्येक ठिपका संगणकाने ठरवायचा आणि कंपनीने स्वतःपुरत्या बनवलेल्या भाषेत पाठवायचा. ती भाषा कोणी उकलली असेल तर प्रिंटर चालतो, नसेल तर नाही. वयाचा संबंध एवढाच.

ब्रदरच्या बऱ्याच साध्या लेझरसाठी ‘बीआरलेझर’, सॅमसंगच्या एसपीएल भाषेसाठी ‘स्प्लिक्स’, जुन्या इंकजेटसाठी ‘गुटेनप्रिंट’ ही अशी उकललेली कुलुपं. तिन्ही मुक्त आहेत आणि बहुतेक डिस्ट्रोंत मिळतात. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या, कॅप्ट भाषा बोलणाऱ्या प्रिंटरचं मात्र जड जातं. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो स्वतःची वेगळी पार्श्वसेवा चालवतो आणि ६४-बिट सिस्टिमवरही त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात. त्या नसल्या तर सगळं नीट बसल्यासारखं दिसतं आणि प्रिंट देताना ‘फिल्टर फेल्ड’ येतं. असा प्रिंटर हाताशी असेल तर चालवून बघा, पण मुद्दाम मिळवायला जाऊ नका. आणि छोट्या एआरएम बोर्डाचा प्रिंट सर्व्हर करायची कल्पना असेल तर लक्षात घ्या, असे बंद ड्रायव्हर बहुतेक इंटेल धर्तीच्या प्रोसेसरसाठीच बनवलेले असतात.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी निर्धास्त राहावं. इएससी/पी भाषा जुनी आणि उघडी आहे. यूएसबी-पॅरलल केबल लावली की तो सहसा ‘देव’ फोल्डरच्या आत ‘यूएसबी’मध्ये ‘एलपी०’ म्हणून येतो आणि साधा इंग्रजी मजकूर तर कुठल्याही ड्रायव्हरशिवाय थेट तिथे ढकलता येतो.

परत तुमच्याकडे. प्लगइननंतर पहिलं पान आलं, पण पुढे कधी पुन्हा अडलं, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, क्यू थांबलेली आहे का. एखादा जॉब फसला, अगदी केबल सैल झाली म्हणून फसला, तरी कप्स (लिनक्सवर छपाई सांभाळणारी व्यवस्था) काही सेटिंगमध्ये अख्खी क्यूच थांबवून ठेवतं. पुढचे सगळे जॉब मागे साचत जातात आणि माणूस समजतो, प्रिंटर मेला. ‘एलपीस्टॅट -टी’ने कळतं, ‘कप्सइनेबल’ आणि क्यूचं नाव दिलं की सुटतं. दुसरी, कागदाचा आकार. क्यू बनताना तो ‘लेटर’ राहिलेला असतो, ट्रेमध्ये असतो ए-फोर, आणि काही प्रिंटर त्यावर फक्त दिवा लुकलुकवत बसतात. क्यूच्या डीफॉल्ट पर्यायांत तो एकदाच बदला.

हे सगळं ब्राउझरमधूनही करता येतं. पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’, मग कोलन (:) आणि ६३१ टाका, कप्सचं स्वतःचं पान उघडेल. दिसायला ओबडधोबड आहे, पण डेस्कटॉपच्या गोंडस खिडकीपेक्षा मला तेच बरं वाटतं, कारण त्रुटीचा संदेश ते न कापता दाखवतं. मॅकमध्येही छपाईचं काम कप्सच करतं, २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं होतं. त्यामुळे मॅकवाल्यांनी दिलेला सल्लाही पुष्कळदा इथे लागू पडतो.

क्यू बनवताना टर्मिनलमध्ये ‘प्रिंटर ड्रायव्हर कालबाह्य आहेत, पुढच्या आवृत्तीत चालणार नाहीत’ अशा अर्थाचा इशारा दिसला तर घाबरू नका. आज काहीही बंद पडत नाही. कप्सची वाटचाल ड्रायव्हर नसलेल्या छपाईकडे चालली आहे, जिथे प्रिंटर स्वतःच आयपीपी (छपाईची सर्वमान्य नेटवर्क-भाषा) बोलतो. जुन्यांना ते येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने बोलणारे ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचे छोटे प्रोग्रॅम बनवले जात आहेत, आणि ओपनप्रिंटिंग प्रकल्पाने गुटेनप्रिंट व एचप्लिप दोन्हींसाठी ते आणलेले आहेत. सध्याची व्यवस्था चालतेय तोवर तिकडे वळायची घाई करू नका.

प्लगइन उतरतानाच अडकला किंवा फर्मवेअर पाठवूनही प्रिंटर गप्प राहिला, तर ‘एचपी-चेक’चं आउटपुट आणि ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ चालू करून दिलेल्या एका प्रिंटचा एरर लॉग इथे टाका. लॉग ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये, कप्सच्या नावाखाली सापडेल. शेवटचं पानभर पुरे, सगळा नको.