दोर ताणला की दूर

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. बोटीवर डेकवर काम करणार म्हणून हटून बसलाय. एक एजंट ‘नोकरी पक्की’ म्हणून दोन लाख मागतोय. आमच्यात समुद्र कुणी धड पाहिलेला नाही. तिथं काम काय असतं, काका?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, मीही सोलापूरचाच, यंत्रमागवाल्याचा पोरगा. साधा खलाशी म्हणून चढलो, बोसन होऊन उतरलो. बोसन म्हणजे डेकवरचा मुकादम, जुनी माणसं सारंग म्हणायची.

त्या एजंटाला एक रुपया देऊ नका. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना लागतो, तो डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याच्या यादीत बघा. माझेही असेच बुडालेत, म्हणून बोलतोय. सहा महिन्यांच्या जीपी रेटिंग, म्हणजे साध्या खलाशाच्या कोर्सची फी वेगळी, ती मान्यताप्राप्त संस्थेतच भरा. त्याआधी डोळे तपासा. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा म्हणजे त्याची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. रंग ओळखता आला नाही तर तिथंच संपलं.

काम म्हणाल तर गंज. हातोडीनं ठोकायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, प्रायमर, मग रंग. पुढचं टोक रंगवून होईतो मागचं गंजलेलं असतं! डेक तापतं ते आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर चढल्यासारखं. वॉच, म्हणजे पाळी, चार तासांची, मग आठ तास सुट्टी. त्यात सुकाणू धरणं आणि अंधारात नजर ठेवणं.

खरी जोखीम बंदराला लागताना. मागावर सूत तुटलं की आपण गाठ मारतो. जहाज बांधायचा दोर ताणून तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, माणूस जागेवर जातो. एकदा मी घाम पुसायला दोन पावलं मागं सरलो आणि दोर तुटला. मी उभा होतो तिथला कठडा वाकला. नंतर हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी ती जागा दाखवायचो.

पोरगा गेलाच तर सहा ते नऊ महिने घरी नसेल. जाताना चादर द्या, केबिनचा एसी फार गार असतो. शेंगाचटणी जास्त बांधा. पहिल्याच आठवड्यात मागणारे जमतात.