बी.एड. करून आमदार होता येतं का?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र आणि इतिहास. "बी.एड. करते, शिक्षिका होते आणि पुढे शिक्षक आमदार होते," असं तिने घरी जाहीर करून टाकलंय. वडील म्हणतात, पोरीचं डोकं फिरलंय. आई विचारते, असं खरंच होतं का, की तिला बँकेच्या परीक्षांना बसवू?

ताई, होतं. आपल्याच विभागात होतं. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघाच्या, तिथे मतदार शिक्षकच असतात. त्यातली एक नागपूर विभागाची, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांची. 2023 मध्ये तिथून सुधाकर अडबाले निवडून आले, त्यांच्याआधी नागो गाणार होते. अडबाले विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे, गाणार शिक्षक परिषदेचे, दोन्ही शिक्षकांच्या संघटना. पक्षांचा पाठिंबा दोघांनाही होता, पण दोघांची जडणघडण संघटनेतली. त्या निवडणुकीत सगळ्यात गाजला तो जुन्या पेन्शनचा मुद्दा. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना ती नाही. हा प्रश्न ज्याने वर्षानुवर्षं लावून धरला, त्याला शिक्षक ओळखतात.

मुलीच्या आराखड्यात नेमकी हीच पायरी गळली आहे. शिक्षिका आणि आमदार यांच्या मधे संघटनेचं दहा-पंधरा वर्षांचं काम असतं, आणि ते दिसायला अगदी रुक्ष असतं. संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून पदं ठरतात त्यात, पद गेलं, शिक्षक अतिरिक्त ठरला, दुसऱ्या शाळेत समायोजन होईना. कुणाचा पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी अडकला, कुणाच्या नेमणुकीची वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी कार्यालयात पडून आहे. अशी प्रकरणं घेऊन शिक्षकांचे पगार काढणाऱ्या वेतन पथकाच्या दारात उभं राहायचं, तेही शाळा सुटल्यावर.

हिवाळी अधिवेशनात तिला एकदा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला नेऊन आणा. विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा पोलिसांनी अडवलेला असतो. घोषणा देणारे पुष्कळ असतात. पण मंत्र्यांनी शिष्टमंडळाला आत बोलावलं की सगळे वळतात ते फायलीवाल्या शिक्षकाकडे. कोणता जीआर कोणत्या तारखेचा आणि त्यातली अडचणीची ओळ कोणती, हे तो न शोधता सांगतो. मला विचाराल तर आमदार तिथे घडतो, भाषणात नाही.

आता नियमांचं, कारण इथे बरेच जण फसतात. विधान परिषदेसाठी वय किमान 30 लागतं, विधानसभेला 25. शिक्षक मतदारसंघात मत द्यायला मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं आणि शाळा माध्यमिकपेक्षा खालची चालत नाही. म्हणजे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका करून प्राथमिकला लागली तर या मतदारसंघात तिचं स्वतःचं मतसुद्धा नसेल. गंमत अशी की उमेदवार शिक्षकच असावा अशी कायद्याची अट नाही.

नोकरी कुठे लागते यावरही बरंच ठरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पक्षाचं काम करता येत नाही, निवडणूक लढवायची तर राजीनामा. अनुदानित खासगी शाळांना 1981 ची वेगळी नियमावली आहे. शाळेत रुजू होण्याआधी ती वाचून घ्यायला सांगा, बहुतेक शिक्षक निवृत्त होईपर्यंत वाचत नाहीत.

पैशांचंही बोलायला हवं. बी.एड. दोन वर्षं, मग टीईटी (आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवायचं तर लागणारी पात्रता परीक्षा), टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि जाहिरातीची वाट. लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला मानधन महिना 18,000 रुपये. विनाअनुदानित शाळेत त्याचीही हमी नाही. वर्गात उभं राहायला तिला मनापासून आवडत असेल तरच या वाटेने जाऊ द्या. आमदारकी नाही मिळाली तर आयुष्यभर शिकवायचंच आहे, ही शक्यता जास्त आहे. शिकवण्याचा कंटाळा असेल आणि राजकारणच करायचं असेल, तर बी.एड.ची दोन वर्षं कशाला घालवायची? 21 पूर्ण झाली की नगरसेवकपदाला उभं राहता येतं. वॉर्डात काम सुरू करू दे.

मला स्वतःला बी.एड.च्या आधी एम.ए. केलेलं आवडेल, राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन. हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधान भवनात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रकुल संसदीय अभ्यासवर्ग भरतो. विद्यापीठातल्या विषयाच्या विभागामार्फत नाव जातं. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना हे सगळं तिथे जवळून समजतं. नागपुरात राहून ही संधी सोडू नये.

वडिलांना एक सांगा. बँकेचा फॉर्म भरायला हरकत नाही, पण सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्यालाही राजकारणाची मुभा नसते. मुलीचा हट्ट त्या फॉर्मने सुटणार नाही. बी.एड.च्या सीईटीचा अर्ज मुदतीत भरून ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत तिला शेजारच्या एखाद्या माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गावर महिनाभर तास घेऊ द्या. मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, शिक्षक कमीच असतात.