आल्बेरिको एवानी: मिलानच्या मधल्या फळीपासून इटलीच्या साहाय्यक प्रशिक्षकापर्यंत

युरो 2020 ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा जिंकलेल्या इटलीच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी यांच्याजवळ बसणारे आल्बेरिको एवानी खेळाडू म्हणून कितपत मोठे होते आणि साहाय्यक प्रशिक्षक या नात्याने त्यांनी नेमके काय केले, असा आपला प्रश्न आहे. मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून इटालियन फुटबॉल पाहत आलो आहे. माझ्या मते खेळाडू एवानी यांना त्यांच्या वाट्याचे श्रेय फार कमी मिळाले आणि प्रशिक्षक एवानी यांचे खरे काम मान्चिनी यांच्या संघाआधी, युवा संघांसोबत झाले.

एवानी यांचा जन्म 1 जानेवारी 1963 रोजी तोस्कानामधील मास्सा या गावी झाला. एसी मिलानच्या मुख्य संघात ते आले तेव्हा हा क्लब अत्यंत वाईट दिवसांतून जात होता. सामनेनिश्चिती प्रकरणामुळे 1980 मध्ये त्याची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली होती आणि 1982 मध्ये केवळ सुमार खेळामुळे तो पुन्हा तिथेच गेला. 1987 मध्ये आरिगो साक्की प्रशिक्षक झाले आणि मिलानचे युग सुरू झाले, तेव्हा ती पडझड अनुभवलेल्या मोजक्या खेळाडूंमध्ये एवानी होते.

साक्कींच्या 4-4-2 रचनेत (चार बचावपटू, मधल्या फळीत चार, आघाडीला दोन) डाव्या बाजूच्या मिडफिल्डरचे काम डोळ्यांत भरणारे नसे. मागून डावे बचावपटू पाओलो माल्दिनी चढाईवर गेले की त्यांनी रिकामी केलेली जागा सांभाळायची, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की संपूर्ण फळीबरोबर एकाच वेळी पुढे सरकून दबाव टाकायचा आणि चेंडू मिळताच तो गुलिट किंवा व्हान बास्टेन या आघाडीच्या खेळाडूंपर्यंत पोहोचवायचा, असे ते काम होते. एवानी डावखुरे होते, त्यांनी डाव्या बचावपटूची जागाही सांभाळली होती आणि त्यामुळे हे काम त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. 1989 च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात त्यांना स्थान नव्हते. 1990 मध्ये व्हिएन्ना येथे बेन्फिकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र ते सुरुवातीपासून खेळले.

डिसेंबर 1989 मधील दहा दिवस या कारकिर्दीत वेगळे उठून दिसतात. 7 डिसेंबरला सान सिरोवर दोन सामन्यांत खेळल्या जाणाऱ्या युरोपियन सुपर कपचा दुसरा सामना झाला. बार्सिलोनातील पहिला सामना 1-1 असा सुटलेला होता, आणि घरच्या मैदानावर मिलानने 1-0 असा विजय मिळवला तो एवानी यांच्या गोलमुळे. 17 डिसेंबरला टोकियोमध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधील इंटरकॉन्टिनेंटल कपसाठी समोर कोलंबियाचा अॅटलेटिको नासिओनाल होता आणि गोलपोस्टमध्ये रेने इगिता. नियमित वेळ गोलशून्य गेली, जादा वेळही संपत आली आणि सामना पेनल्टींवर जाणार हे जवळपास ठरले, तेवढ्यात 119 व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राजवळ मिलानला फ्री किक मिळाली. एवानी यांच्या डाव्या पायाच्या फटक्याने चेंडू जाळ्यात गेला. गुलिट, रायकार्ड, व्हान बास्टेन अशी नावे मिरवणाऱ्या त्या काळात दहा दिवसांत दोन आंतरराष्ट्रीय चषक ज्याच्या गोलमुळे आले, त्या माणसाचे नाव आज सहसा कुणाला आठवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

1993 मध्ये मिलानसोबतचा तिसरा लीग किताब जिंकून ते जेनोआच्या साम्पदोरिया या क्लबात गेले आणि पुढच्याच वर्षी त्या संघाकडून कोप्पा इतालिया ही इटलीची चषक स्पर्धा जिंकली. मान्चिनी आणि आत्तिलिओ लोम्बार्दो हे तिथले त्यांचे सहकारी, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. राष्ट्रीय संघाकडून ते फक्त 15 सामने खेळले. त्यांतला एक 1994 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर दिसला आणि मी तो जागून पाहिला. जादा वेळेत ते दिनो बाज्जो यांच्या जागी मैदानात उतरले आणि शूटआउटमध्ये इटलीची तिसरी पेनल्टी त्यांनी घेतली. बारेसी यांचा फटका आधीच वाया गेलेला होता. एवानी यांनी गोल केला आणि इटली 2-1 अशी पुढे गेली. त्यानंतर मास्सारो आणि रोबेर्तो बाज्जो चुकले. साक्कींचे साहाय्यक म्हणून त्या संघासोबत असलेले कार्लो आन्चेलोत्ती हे मिलानच्या मधल्या फळीतले एवानी यांचे जुने सोबती होते, हेही नोंदवण्यासारखे आहे.

निवृत्तीनंतर इटालियन महासंघाच्या युवा संघांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. 2017 मध्ये दक्षिण कोरियातील 20 वर्षांखालील विश्वचषकात त्यांचा संघ तिसरा आला. झाम्बियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात इटली दहा खेळाडूंनिशी 1-2 अशी मागे होती आणि 88 व्या मिनिटाला फेदेरिको दिमार्को या डावखुऱ्या खेळाडूने फ्री किकवर बरोबरी साधली. पुढे जादा वेळेत सामना 3-2 असा जिंकला. तो गोल पाहताना मला टोकियो आठवले. याच स्पर्धेत रिकार्दो ओर्सोलिनी पाच गोल करून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

2018 मध्ये मान्चिनी राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि एवानी त्यांच्या ताफ्यात गेले. साहाय्यकाचे काम बाहेरून दिसत नाही, परंतु नोव्हेंबर 2020 मध्ये ते दिसले. मान्चिनी यांना कोरोना झाला आणि तीन सामन्यांसाठी मैदानाच्या कडेला एवानी उभे राहिले. त्याच साथीमुळे अनेक खेळाडूही उपलब्ध नव्हते. इटलीने मैत्रीपूर्ण सामन्यात एस्टोनियाला 4-0 असे हरवले, आणि पोलंडला 2-0 व बोस्नियाला 2-0 असे हरवून नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात प्रवेश मिळवला. एस्टोनियाविरुद्धचा चौथा गोल ओर्सोलिनीचा होता. इटलीच्या 37 सामन्यांच्या अपराजित मालिकेतील हे तीन विजय एवानी यांच्या देखरेखीखाली आले, आणि संघाची घडी जराही विस्कटली नाही.

युरो विजयात त्यांचा वाटा मानायचा, तर मार्च 2022 मध्ये उत्तर मॅसिडोनियाकडून हरून विश्वचषक हुकला त्यातलाही मानावा लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये ताफ्याची फेररचना झाली तेव्हा ते बाहेर पडले, आणि काही दिवसांतच मान्चिनी यांनीही राजीनामा दिला.

एप्रिल 2025 मध्ये साम्पदोरियाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले. त्या हंगामातले ते चौथे प्रशिक्षक होते आणि लोम्बार्दो त्यांचे साहाय्यक. संघ तिसऱ्या श्रेणीत घसरल्यातच जमा होता. त्याच श्रेणीतल्या ब्रेशिया या क्लबाचे गुण कापले गेल्यामुळे सालेर्नो शहराच्या सालेर्नितानाविरुद्ध दोन सामन्यांत बचावाची एक संधी मिळाली. जेनोआतला पहिला सामना साम्पदोरियाने 2-0 असा जिंकला. दुसऱ्या सामन्यातही साम्पदोरिया 2-0 अशी पुढे असताना सालेर्नोच्या प्रेक्षकांच्या गोंधळामुळे खेळ थांबवावा लागला, निकाल साम्पदोरियाच्या बाजूने देण्यात आला आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत टिकला.