सिरॅमिक क्लच ठरवण्याआधी फ्लायव्हील उतरवून बघा

तुमची पोस्ट वाचली. रीमॅप केल्यापासून (इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवल्यापासून) रिकामी गाडी सुरेख पळते, पण ट्रेलर लावून चढाला लागलात आणि पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर जातो, वेग मात्र तिथेच राहतो, म्हणजे क्लच घसरतोय. वर्कशॉपवाला म्हणतो, 'स्टेज थ्री'चा सिरॅमिक क्लच टाकू, फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) आहे तेच चालेल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. अगदी हेच मला सांगितलं गेलं होतं आणि सगळ्यात मोठा भुर्दंड त्याच वाक्यापायी पडला.

आधी एक खुलासा. मी मेकॅनिक नाही. ट्यून केलेली मॅन्युअल डिझेल पिकअप वर्षानुवर्षं चालवतोय, तिच्यामागे ट्रेलर ओढतोय, तेवढ्या अनुभवावरून लिहितोय. शर्यतीच्या किंवा ओढाओढीच्या स्पर्धेच्या गाड्यांचं गणित वेगळं असतं, त्यात मी पडत नाही. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये काही वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

क्लच म्हणजे काय, प्लेट कशी घासते वगैरे तुम्हाला माहीत आहे, एका ओळीत आटोपतो: प्रेशर प्लेट क्लचच्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तो दाब काढतं. फक्त नवीन क्लच मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येत असेल, तर कितीही भारी क्लच टाका, तोही घसरणार. आणि पेडलला वरच्या बाजूला थोडासा मोकळा प्ले आहे ना, ते हाताने दाबून बघा. प्ले नसेल तर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर सतत किंचित दाब देत राहतं आणि क्लच पूर्ण मिटतच नाही. काही गाड्यांत बेअरिंग कायम टेकलेलंच असतं, तिथे हा नियम लागू नाही, म्हणून मॅन्युअल बघा.

आता मुद्द्याचं. तुम्ही हॉर्सपॉवरचा आकडा दिलाय. क्लचला हॉर्सपॉवरशी देणंघेणं नसतं, त्याला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, झेलायचा असतो. १५० किलोवॅट ताकद ३५०० आरपीएमला निघत असेल तर टॉर्क होतो साधारण ४०९ न्यूटन-मीटर. तीच ताकद २००० आरपीएमला निघाली तर तो ७१६ वर जातो. कागदावर ताकद तेवढीच, क्लचवरचा भार पावणेदोन पट. रीमॅप केलेल्या डिझेलचं नेमकं हेच होतं, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) खालीच भरतो आणि सगळा टॉर्क खालच्या आरपीएमला येऊन आदळतो. म्हणून रीमॅप करून देणाऱ्या ट्यूनरकडून टॉर्कचा पूर्ण आलेख मागून घ्या. नुसता वरचा आकडा घेऊन उपयोग नाही. तो टॉर्क चाकावर मोजलाय की फ्लायव्हीलवर, तेही विचारा. क्लच विकणारेही कधी पाउंड-फूटमध्ये सांगतात, कधी न्यूटन-मीटरमध्ये. एक पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. या गोंधळात चुकीचा क्लच घरी येतो.

कंपन्या स्वतः काय करतात ते बघा. टोयोटा हायलक्सचं २.८ लिटरचं डिझेल २०२० मध्ये सुधारून आलं, तेव्हा ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर मिळाले, मॅन्युअलला ४२०. २०१३ च्या रॅम या अमेरिकन पिकअपच्या ६.७ लिटर कमिन्स डिझेलमध्ये मॅन्युअलला ६६० पाउंड-फूट होते, ऑटोमॅटिकला ८०० आणि ८५०. इंजिन तेच असून मॅन्युअल गाडीचा टॉर्क कंपनीने मुद्दाम खाली ठेवलाय. आपण रीमॅप करून हा फरक एका दुपारी पुसून टाकतो. मूळ क्लच त्या खालच्या आकड्यासाठी बनलेला असतो, तो घसरला तर त्याचा दोष नाही.

क्लचची पकड कशी ठरते हे एकदा समजलं की 'स्टेज'च्या भूलथापांना माणूस फसत नाही. घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, या चारांचा गुणाकार म्हणजे पकड. समजा घर्षणांक ०.३, दाब १०,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १२५ मिलिमीटर आणि एक प्लेट, म्हणजे दोन बाजू. गुणाकार ७५० न्यूटन-मीटर. त्याच दाबात दोन प्लेटचा क्लच बसवला तर बाजू चार झाल्या आणि पकड १५०० वर गेली, पेडल जड न होता. प्रत्येक आकडा वाढवायची किंमत मात्र वेगळी आहे. दाब वाढवला तर पेडल जड होतं, हायड्रॉलिकवर ताण येतो आणि प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर जास्त रेटले जातात. घर्षणांक वाढवला, म्हणजे सिरॅमिक घेतलं, तर क्लच झटक्याने पकडतो. त्रिज्या फ्लायव्हीलच्या मापापलीकडे जाऊ शकत नाही. बाजू वाढवल्या तर वजन वाढतं, खर्च वाढतो आणि क्लच पूर्ण सुटायला पेडलची चाल जास्त लागते.

'स्टेज वन, टू, थ्री' याला कुठलंही सामायिक प्रमाण नाही. एकाची स्टेज टू दुसऱ्याची स्टेज थ्री असते. विक्रेत्याला सरळ विचारा, हा क्लच किती न्यूटन-मीटर धरतो आणि तो आकडा फ्लायव्हीलवरचा आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

आता फ्लायव्हीलचं, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. तुमच्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असण्याची दाट शक्यता आहे. त्यात दोन वेगळी वजनं असतात, मध्ये वाकवलेल्या लांब स्प्रिंगा आणि ग्रीस. डिझेलचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ही सोय. या स्प्रिंगाही मूळ टॉर्कच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. रीमॅपनंतर १३००-१४०० आरपीएमला पूर्ण पाय दाबून चढ चढलात की त्या पार दबून टेकतात आणि आतल्या आत ठोकत राहतात. म्हणजे क्लच घसरायला लागला तोवर फ्लायव्हीलनेही मार खाल्लेला असतो.

माझ्या गाडीला त्या वर्कशॉपने जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि सिरॅमिकच्या सुट्या तुकड्यांची प्लेट टाकली, जुनं फ्लायव्हील पुसून तसंच परत बसवलं. घसरणं थांबलं. पण ट्रेलर मागे घेताना, विशेषतः चढावर रिव्हर्समध्ये, गाडी अशी थरथरायची की आरसा दिसेनासा व्हायचा. परत घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'हाफ क्लचवर चालवू नका.' ट्रेलर इंच-इंच मागे घेताना हाफ क्लच नाही तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढे 'सवय होईल', मग 'प्लेट अजून बसायचीय', मग फोनच उचलेनात.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे गिअरबॉक्स उतरवला. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर काळपट ग्रीसचे पट्टे उडालेले होते, फ्लायव्हीलमधलं ग्रीस बाहेर पडलं होतं. प्लेटचे तुकडे टेकायचे त्या पट्ट्यात निळे-जांभळे डाग आणि केसाएवढ्या बारीक भेगा. त्या मेकॅनिकने फ्लायव्हीलचं बाहेरचं वजन हाताने फिरवून दाखवलं. जिथे स्प्रिंगने हाताला विरोध करायला हवा, तिथे ते बराच वेळ मोकळंच फिरलं आणि मग टक्क करून थांबलं. हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. पहिल्या वर्कशॉपच्या हातात तेच फ्लायव्हील होतं, त्यांना एवढं करून बघायचं नव्हतं.

मग क्लच विकणाऱ्याच्या वॉरंटी विभागाशी गाठ पडली. ते म्हणाले, बसवण्याआधी फ्लायव्हील मोजल्याचा कागद आणि फोटो द्या. कागद वर्कशॉपने केलेलाच नव्हता, आणि वर्कशॉप म्हणे आम्हाला जे सांगितलं ते बसवलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि शेवटी एका ओळीचं पत्र आलं, 'चालवण्याच्या पद्धतीमुळे नुकसान.' गाडी न बघता, प्लेट हातात न घेता हे ठरवलं गेलं. याची चीड मला आजही येते, कारण गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी अनेकदा क्लचच्याच तोडीची असते आणि ती मला दुसऱ्यांदा भरावी लागली.

म्हणून तुम्ही गाडी देण्याआधी लेखी घ्या की फ्लायव्हील तपासणार. ड्युअल मास असेल तर मोकळा प्ले आणि डुगडुग मोजून निर्मात्याच्या मर्यादेशी ताडून बघणार, साधं असेल तर मशीनवर घासून सपाट करणार. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्लेटची जागा आणि प्रेशर प्लेटचं कव्हर बसायची जागा वेगळ्या उंचीवर असतील, तर घासताना दोन्ही सारख्याच उतरवायला हव्यात, नाहीतर दाबाचं सगळं गणित बदलतं. जुने भाग परत मागा. गिअरबॉक्स खाली असताना फोनवर फोटो काढा. तेव्हाच पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं), रिलीज बेअरिंग आणि मागचं सील बदलून टाका.

ड्युअल मास गेलेलं निघालं तर बरेच लोक साध्या एकसंध फ्लायव्हीलवर जातात. मीही गेलो. पकड आणि टिकाऊपणासाठी चांगलं आहे, पण न्यूट्रलमध्ये आयडलला गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येतो. रॅमच्या जी५६ या मॅन्युअल गिअरबॉक्सवाल्यांना हा आवाज चांगला परिचयाचा आहे. काही विक्रेते 'आवाज अजिबात येत नाही' म्हणतात, त्यावर विसंबू नका. प्लेटच्या मध्यात चांगल्या डॅम्पर स्प्रिंगा असतील तर आवाज कमी होतो, पूर्ण जात नाही.

प्लेटच्या मालाबद्दल माझं मत ठाम आहे. ट्रेलर ओढणाऱ्या, वाहतुकीत थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला एका प्लेटचा सिरॅमिक क्लच मी सुचवणार नाही. सिरॅमिक तापल्यावरही पकड सोडत नाही हे खरं, पण हळूहळू पकडायची त्याची तयारी नसते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ते लवकर खातं. टॉर्क मूळपेक्षा तीसेक टक्क्यांपर्यंतच वाढला असेल तर जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि चांगली ऑरगॅनिक (नेहमीच्या, मऊ पकडणाऱ्या मालाची) प्लेट पुरते. केव्हलारच्या (मजबूत कृत्रिम धाग्याच्या) प्लेटचीही लोक तारीफ करतात. ती मऊ पकडते आणि टिकते, पण सुरुवातीला जपून चालवून घासून बसू द्यावी लागते, एकदा जळून चकाकली की संपली. टॉर्क त्याहून बराच वर गेला असेल तर थोडं थांबा, पैसे जमवा आणि दोन प्लेटचा ऑरगॅनिक क्लच घ्या. पेडल दाबलेलं असताना त्यातल्या मधल्या प्लेटचा खुळखुळ आवाज येतो, तो बिघाड नाही.

क्षमता इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त धरा. दुप्पट घेऊ नका. क्लच कधीच घसरणार नाही अशी व्यवस्था केली की झटका पुढे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला, प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना आणि डिफरन्शियलला बसतो.

आणि क्लच मागवण्याच्या आधी ट्यूनरला फोन करा. १८०० आरपीएमच्या खालचा टॉर्क कमी करून दे, हळूहळू चढू दे, असं सांगा. वरचा आकडा तसाच राहतो, ओढताना फारसा फरक जाणवत नाही, आणि क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स तिघांचंही आयुष्य वाढतं. चांगला ट्यूनर हे आनंदाने करून देतो. 'मग मजा काय राहिली' म्हणणाऱ्याकडे ट्रेलर ओढणारी गाडी देऊ नये. चढाला एक गिअर खाली टाकायची सवयही लावा, आरपीएम २००० च्या आसपास ठेवा.

नवीन क्लच बसल्यावर हायड्रॉलिक लाइनमधली हवा नीट काढून घ्या. तेल जुनं काळं असेल तर बदलाच. जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटवर जुनी प्लास्टिकची लाइन फुगते आणि क्लच अर्धवट सुटतो. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज आला तर क्लचला दोष देण्याआधी तिथे बघा. त्यानंतरचे निदान ५०० ते ८०० किलोमीटर ट्रेलर लावू नका आणि पूर्ण पाय दाबू नका. हे अंतर थांबत-निघत कापलेलं हवं, कारण हायवेला टॉप गिअरमध्ये सरळ चालवलं तर प्लेट घासतच नाही, मग ती बसणार कशी. विक्रेत्याने वेगळं अंतर सांगितलं असेल तर तेच पाळा आणि ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीवाले नेमकं तेच विचारतात.

तुमच्या गाडीला फ्लायव्हील कुठलं आहे आणि ट्यूनरने दिलेल्या आलेखात टॉर्क किती आरपीएमला कमाल होतो, एवढं सांगितलंत तर एक प्लेट पुरेल की दोन लागतील हे बरंच नेमकं सांगता येईल. तोवर ट्रेलर लावून त्या चढाला जाऊ नका, घसरणारा क्लच तापतो तसा फ्लायव्हीलही जाळतो.